काँक्रीटचा बिट वेगळा, टाइलचा बिट वेगळा

आर्वीच्या आसपासच्या गावांत मी नळ, गिझर, आरसे बसवायची कामं करतो. इकडे आता बहुतेक घरांच्या न्हाणीला कंबरेपर्यंत तरी टाइल असते. आणि खुंटी लावायला गेलं की टाइल तडकली, हे गाऱ्हाणं दर दुसऱ्या घरी ऐकू येतं. लोक टाइलला नावं ठेवतात, मिस्त्रीला ठेवतात. माझ्या मते बहुतेक वेळा चूक ड्रिल मशीनला लावलेल्या बिटाची, म्हणजे भोक पाडणाऱ्या दांडीची असते.

दुकानात काँक्रीटचा आणि टाइलचा, दोन्ही बिट एकाच डब्यात पडलेले असतात. दोघांच्या टोकाला कार्बाइडचा कडक तुकडा असतो, जाडीही सारखीच, सहा मिलिमीटर. "भिंतीला भोक पाडायचा बिट द्या" म्हटलं की दुकानदार काँक्रीटचाच देतो, त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून टोक स्वतः पाहून घ्या. काँक्रीटच्या बिटाला टोकावर छिन्नीसारखी आडवी, बोथट पट्टी असते आणि अंगावर पिळाच्या चऱ्या. टाइलच्या बिटाचं टोक भाल्याच्या पात्यासारखं अणकुचीदार, कडा धारदार, दांडा बहुधा गुळगुळीत.

दोघांची कामाची रीतच वेगळी आहे. काँक्रीटचा बिट ठोकून फोडतो. मशीनचा हॅमर, म्हणजे फिरवताना ठोके द्यायची सोय, चालू केला की मिनिटाला हजारो ठोके पडतात, त्यात आतली गिट्टी-रेती चुरते आणि चऱ्यांतून भुकटी बाहेर येते. टाइलचा बिट ठोकत नाही, खरवडतो. टाइलवरची चकाकी म्हणजे काचेचा थर. काच खरवडली तर झिजते, ठोकली तर तडकते. उलट भाल्याचा बिट हॅमरवर लावलात, तर त्याचंच टोक उडतं.

मागे एका घरी म्हाताऱ्या सासूबाईंसाठी न्हाणीत धरायचा दांडा लावायचा होता. त्या आधी एकदा घसरल्या होत्या, म्हणून सूनबाई मागेच लागल्या होत्या. मी हॅमर बंद करून हळूहळू भोक पाडत होतो, तर पुतण्या दारातून म्हणाला, "ठोका न भाऊ, काऊन एवढा येळ लावून राह्यले?" मी त्याला खाली पडणारी भुकटी दाखवली. आधी पांढरी, तो चकाकीचा थर. मग लाल, ती टाइलची भाजलेली माती. मग राखाडी, म्हणजे सिमेंट लागलं. तिथे थांबून मी बिट बदलला आणि काँक्रीटचा लावला. पुढे विटेतही हॅमर लावला नाही, वीट तशीही ऐकते. मागे आरसीसीचा, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा कॉलम किंवा बीम असेल तरच हॅमर, तोही टाइल पूर्ण ओलांडल्यावर.

सुरुवातीला बिट घसरतो, म्हणून जागेवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा. मशीन हळू फिरवा, भार बेताचा द्या. टाइल बोटाने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर मागे मसाला नाही, ती जागा सोडा. कडेपासून दोन बोटं तरी आत राहा. जोडात भोक पाडायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. जोड असतो दोन-तीन मिलिमीटरचा आणि बिट सहाचा, मग दोन्ही बाजूंच्या कडा उडतात.

हे सगळं सिरॅमिक टाइलचं. एखाद्या घरी जमिनीची उरलेली विट्रिफाइड टाइलच भिंतीला लावलेली असते. एक तुकडा उरला असेल तर पाठीवर पाण्याचा थेंब टाका. सिरॅमिक तो पिऊन टाकते, विट्रिफाइडवर थेंब तसाच राहतो, कारण ती वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, इतकी घट्ट असते. तिच्यावर भाल्याचा बिट तापून बोथट होतो. तिथे पोकळ नळीसारखा, कडेला हिऱ्याची भुकटी असलेला बिट लागतो. तो आधी तिरपा धरायचा, चंद्रकोरीएवढी खाच पडली की सरळ करायचा. आणि पाणी सतत हवं. दुसऱ्या माणसाने बाटलीच्या झाकणाला भोक पाडून थेंब थेंब सोडावं. मशीनवर पाणी उडू देऊ नका, पायात रबरी चप्पल असू द्या.

भोक नीट पडलं तरी टाइल नंतर तडकू शकते, स्क्रू आवळताना. स्क्रू पकडायला भोकात घालतात तो प्लास्टिकचा प्लग टाइलच्या तोंडाशीच राहिला, तर स्क्रू आत जाताना तो फुगतो आणि टाइलला आतून रेटतो. म्हणून स्क्रूच्या टोकाने प्लग टाइलच्या जाडीपलीकडे, विटेत ढकला, मगच आवळा. सासूबाईंच्या दांड्याचे चारही प्लग मी असेच आत ढकलले आणि आधी स्वतः लोंबकळून पाहिलं, मगच त्यांना हात लावू दिला.