कॉफी आणि उतारवयातली स्मरणशक्ती

आमच्याकडून कॉफी नेणारे ज्येष्ठ ग्राहक बरेचदा विचारतात, "कॉफीने विसरभोळेपणा टळतो का हो?" आम्ही कॉफी भाजून विकतो, तेव्हा 'हो' म्हणण्यात आमचाच फायदा. म्हणूनच इथे हात राखून लिहीत आहोत. कॉफी हे औषध नाही. पण बेताने घेतली तर ती मेंदूला साथ देत असावी, असं मानायला जागा आहे.

कॅफिन काय करतं?

आपण जागे असेपर्यंत मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते मेंदूच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटलं की सुस्ती येते. कॅफिनची घडण त्याच्याशी मिळतीजुळती, त्यामुळे ते या जागा आधीच अडवून बसतं. थकवा असतोच, फक्त जाणवत नाही. २०१४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना चित्रं दाखवली आणि त्यानंतर निम्म्यांना २०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलेलं चित्र आणि त्याच्यासारखंच दुसरं चित्र यांतला फरक कॅफिन घेतलेल्यांना अधिक चांगला ओळखता आला. मात्र ते सगळे तरुण होते.

कॉफीत कॅफिनखेरीज क्लोरोजेनिक आम्लंही असतात. पेशींची झीज रोखायला त्यांची मदत होते, असं मानलं जातं. बी जितकं गडद भाजावं तितकी ती कमी होतात. हलकी भाजलेली कॉफी आम्हाला आवडते ती मुख्यतः चवीसाठी, पण हेही एक कारण आहे.

किती कप?

फिनलंडमध्ये १,४०९ जणांचा सरासरी २१ वर्षं मागोवा घेतला गेला. मध्यमवयात रोज ३ ते ५ कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका कमी कॉफी पिणाऱ्यांपेक्षा सुमारे ६५ टक्क्यांनी कमी दिसला. निष्कर्ष २००९ साली आले. आकडा मोठा आहे, पण अशा पाहणीतून फक्त संबंध दिसतो, कॉफीमुळेच तसं झालं हे ठरत नाही. उलट बाजूही वाचा: २०२१ साली ब्रिटनमधल्या ३,९८,६४६ जणांच्या माहितीवरून असं दिसलं, की रोज ६ कपांहून जास्त पिणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाची शक्यता ५३ टक्क्यांनी अधिक होती. तेव्हा स्मरणशक्तीसाठी म्हणून कप वाढवत नेऊ नका, आमची विक्री वाढत असली तरी. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिन ही सुरक्षित मर्यादा मानतात. म्हणजे फिल्टर कॉफीचे साधारण चार कप, आणि त्यात दिवसभरातला चहाही धरायचा.

शेवटचा कप कधी?

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारला कप घेतला तर रात्री नऊला अर्धं आणि पहाटे दोनला पाव भाग अंगात असतोच. दिवसभरातल्या आठवणी पक्क्या होतात त्या झोपेत. कॉफीपायी झोप गेली तर स्मरणशक्तीचं नुकसानच. वय वाढलं की झोप तशीही हलकी होते, म्हणून शेवटचा कप जेवणाआधी, दुपारी बाराच्या आत घ्या. संध्याकाळी तलफ आलीच तर डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, आहे.

कागदातून गाळलेली बरी

न गाळलेल्या कॉफीवर तेलाचा बारीक तवंग दिसतो. त्यातल्या कॅफेस्टॉल नावाच्या द्रव्यामुळे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांना घातक. कागदी फिल्टर हे तेल बहुतेक अडवतो. साखरही कमी ठेवा.

थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेऊ नका, ती अंगी लागत नाही. किमान अर्धा-एक तास जाऊ द्या. लोहाच्या गोळ्याही कॉफीबरोबर नकोत. छातीत धडधडत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर किती प्यायची हे डॉक्टरांना विचारा.

आणि घरातलं कुणी ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागलं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं, तर कॉफीच्या भरवशावर थांबू नका, तपासणी करून घ्या. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांमुळेही विसर पडतो, आणि तो वेळेवर उपचार केल्यास बरेचदा सुधारतो.