गाडी ओढत नाही, अ‍ॅव्हरेज पडलंय? गॅरेजमध्ये आणण्याआधी एवढं वाचा

“चढाला ओढत नाही, डिझेल जास्त खाते, टर्बो गेला असणार.” गाडीमालकांचं हे निदान आम्ही रोज ऐकतो. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा; तो खरंच गेला असेल तर आम्ही बदलून देतोच. पण पुष्कळदा टर्बो ठणठणीत असतो आणि त्याने दाबलेली हवा इंजिनापर्यंत पोचण्याआधीच निसटत असते. कुठे इंटरकूलरच्या (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला चीर पडलेली असते, कुठे क्लॅम्प सैल झालेला असतो.

म्हणून कळकळीची विनंती: तपासणीला आणताना इंजिन धुऊन आणू नका. हवा गळते तिथे तेलाचा बारीक अंश बाहेर येतो, त्यावर धूळ बसते आणि क्लॅम्पच्या कडेला काळा, ओलसर पट्टा उमटतो. आमच्या मेकॅनिकला तो पट्टा दिसला की गळती लगेच सापडते. प्रेशरच्या पाण्याने तो गेला, की हवेची लाइन दोन्हीकडून बंद करून हलक्या दाबाने हवा भरायची आणि साबणाचं पाणी मारत एकेक सांधा तपासायचा. काम होतं, पण गाडी विनाकारण खोळंबते आणि मजुरीही वाढते. वाटेत कुणाकडून स्कॅनरने बिघाडाचे कोड पुसून घेतले तरी हाच त्रास. चेक लाइट लागली असेल तर तशीच येऊ द्या.

धुरावर फार विसंबू नका. जुन्या पंपाच्या गाडीत हवा कमी पडली की काळा धूर येतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत मात्र ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल कमी करतो आणि उरलेली काजळी डीपीएफ (सायलेन्सरच्या लाइनमधला काजळीचा फिल्टर) धरून ठेवतो. धूर दिसत नाही, गाडी फक्त मरगळते. ड्रायव्हर कुंभार्ली घाट चढताना एक गिअर खाली राहतो, डीपीएफ डिझेल जाळून वारंवार साफ व्हायला लागतो, आणि दोन्हीकडून डिझेल जातं.

होज काढून “शाफ्ट (टर्बोच्या पंख्याचा दांडा) हलतो” म्हणून टर्बो उतरवून आणणारेही आहेत. इंजिन बंद असताना शाफ्ट बाजूला किंचित हलणारच, कारण त्याचं बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. आत-बाहेर हलत असेल किंवा पंखा टर्बोच्या बाहेरच्या आवरणाला घासत असेल, तरच काळजीचं. होजमध्ये तेलाचा हलका ओलावा असणंही चालतं.

अ‍ॅव्हरेजचा हिशोब टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, त्याच रूटवर आणि साधारण त्याच लोडवर करा. एखाद्या चाकाचा ड्रम इतरांपेक्षा जास्त तापत असेल तर ब्रेक धरतोय; तिथे टर्बोचा काही संबंध नाही. एअर फिल्टर जोराच्या हवेने झाडू नका. कागद फाटला की धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर जाते.

“नुसतं बघायचे पैसे कसले?” असं विचारतात. गळती तशीच ठेवून नवा टर्बो बसवला तर खर्च होतो आणि गाडी तरीही ओढत नाही. म्हणून आम्ही आधी बूस्ट गेज (टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा मीटर) लावून लोडवर ट्रायल घेतो, मगच पाना हातात घेतो. काम आमच्याकडेच केलंत तर तपासणीचे पैसे बिलातून वळते होतात. चालू मॉडेलचे होज आणि टी-बोल्ट क्लॅम्प दुकानात तयार असतात. शक्य असेल तर माल भरलेली गाडीच घेऊन या.