निम्मी वीज वाया जाणे अटळ नव्हते

विजेमुळे तार तापते, हे 1800 साली व्होल्टाची बॅटरी आल्यावर लवकरच लक्षात आले होते. त्या उष्णतेत नेमके किती जाते, याचा हिशेब लागायला मात्र चाळीस वर्षे गेली. 1827 मध्ये ओहमने विभवांतर (व्होल्टेज), धारा (करंट) आणि रोध (धारेला होणारा अडथळा) यांचे नाते मांडले. पुढे 1840च्या सुमारास विशीतल्या जेम्स जूलने तारेचे वेटोळे पाण्यात बुडवून त्यातून धारा सोडली आणि थर्मामीटरवर पारा किती चढतो ते टिपले. आजच्यासारखा अ‍ॅमीटर तेव्हा नव्हता. विजेने ठरावीक वेळात किती पाण्याचे विघटन होते, त्यावरून त्याने धारेचे माप बसवले. उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते, असे त्यातून निघाले.

याच काळात याकोबी या अभियंत्याने दाखवले की, भाराचा, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाचा, रोध बॅटरीच्या अंतर्गत रोधाइतका असला की भाराला सर्वाधिक शक्ती मिळते. सिद्धांत बरोबरच होता, पण त्यावरून निम्म्याहून जास्त कार्यक्षमता मिळूच शकत नाही असा समज पसरला. या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच घोटाळा.

आकडे घालून पाहा. बॅटरी 12 व्होल्टची, अंतर्गत रोध 0.5 ओहम. भारही 0.5 ओहम असेल तर धारा 12 अँपिअर. भाराला 72 वॉट मिळतात आणि बॅटरीच्या आत तेवढेच जळतात. भार 5.5 ओहमचा केला की धारा 2 अँपिअरवर येते. भाराला 22 वॉटच मिळतात, पण वाया जातात फक्त 2. कार्यक्षमता जवळपास 92 टक्के! जास्तीत जास्त शक्ती आणि जास्तीत जास्त कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एडिसन आणि त्याचा गणिती सहकारी अप्टन यांनी 1879च्या सुमारास हे ओळखून डायनॅमोचा, म्हणजे वीज निर्माण करणाऱ्या यंत्राचा, अंतर्गत रोध मुद्दाम कमी ठेवला. अनेक जाणकारांना त्यांचे दावे तेव्हा अशक्यच वाटले.

‘वॉट’ हे एकक विल्यम सीमेन्सने 1882 मध्ये सुचवले. व्होल्ट गुणिले अँपिअर, इतका सोपा हिशेब. अडचण रोध मोजण्यात होती: तो अगदी लहान असला की जोडतारांचा रोधच मापात मिसळतो. त्यावर विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, 1861 मध्येच तोड काढली होती. धारा एका जोडीने द्यायची आणि विभवांतर दुसऱ्या जोडीने मोजायचे. मिलिओहम (ओहमचा हजारावा भाग) मोजताना आजही चार तारा जोडतात त्या यासाठीच.