फझ पेडल वाजत नाही? सुटे भाग बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवून कमी-जास्त करायचे रेझिस्टर). १९६६ साली लंडनमध्ये आलेल्या, गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या ‘फझ फेस’ पेडलचं सर्किट एवढंच आहे, म्हणूनच घरी पेडल बनवणारे बरेच जण सुरुवात त्याच्यापासून करतात. जोडून झालं आणि आवाज आला नाही, की लगेच ट्रान्झिस्टर उपटून दुसरा लावायचा मोह होतो. तो आवरा. या सर्किटमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचं (ट्रान्झिस्टरचे तीन पाय: कलेक्टर, बेस, एमिटर) व्होल्टेज बाकीच्या जवळजवळ सगळ्या भागांवर अवलंबून असतं. तो एक आकडा नीट वाचता आला, तर बिघाड निम्मा सापडलाच म्हणून समजा.

मोजण्याआधी इनपुट जॅकमध्ये गिटारची केबल खोचा. या पेडलमध्ये स्टिरिओ जॅक वापरतात आणि बॅटरीची ऋण तार त्याच्या मधल्या पत्तीला जोडतात. प्लग आत गेला की ती पत्ती ग्राउंडला (सर्किटच्या सामाईक शून्य बिंदूला) टेकते आणि सर्किट सुरू होतं. प्लग न खोचता मोजलं तर सगळीकडे शून्यच दिसणार, आणि धडधाकट पेडलही मेलेलं वाटणार.

आता मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी तार ग्राउंडला लावा. इथले आकडे सिलिकॉन एनपीएन ट्रान्झिस्टर (यात ग्राउंड ऋण बाजूला असतं) आणि ९ व्होल्टची बॅटरी धरून आहेत. पहिल्या ट्रान्झिस्टरचा एमिटर ग्राउंडला आहे, त्यामुळे बेसवर ०.६ व्होल्टच्या आसपास हवेत. त्याचा कलेक्टर थेट दुसऱ्याच्या बेसला जोडलेला असतो. तिथे साधारण १.३ ते १.४. दुसऱ्याच्या एमिटरवर ०.७ च्या जवळपास आणि कलेक्टरवर, बॅटरीच्या निम्मे म्हणजे ४.५ व्होल्ट. निम्मेच का? गिटारच्या तारेचा सिग्नल वर आणि खाली दोन्हीकडे झुलतो. दोन्ही बाजूंना जागा मिळाली तरच सूर लांबतो. कलेक्टर एका टोकाला चिकटला की सूर फुटतो, थुंकल्यासारखा येतो आणि मध्येच तुटतो.

मूळ नकाशात बॅटरीकडून ४७० ओहम आणि मग ८.२ किलोओहम असे दोन रेझिस्टर एकामागे एक दुसऱ्या कलेक्टरला जातात. त्यातला ८.२ किलोओहमचा सिलिकॉनला बहुतेक वेळा जड पडतो. हिशोब सोपा आहे. एमिटरवर ०.६८ व्होल्ट आणि खाली १ किलोओहमचा फझ पॉट, म्हणजे प्रवाह ०.६८ मिलिअँपिअर. हाच प्रवाह ८.२ किलोओहम आणि ४७० ओहममधून जाताना ५.९ व्होल्ट पडतात. कलेक्टरवर उरतात ३.१. ८.२ च्या जागी ६.२ किलोओहम लावले तर ४.५ च्या अगदी जवळ येतं. त्याहून बरं म्हणजे १० किलोओहमचा ट्रिमर (पेचकसाने फिरवायचा छोटा पॉट) लावायचा, गिटार वाजवत तो फिरवायचा आणि कानाला पटेल तिथे थांबायचं.

आकडे फारच वेगळे आले तर तेच रोग सांगतात. दुसऱ्याचा एमिटर आणि कलेक्टर दोन्ही सव्वा व्होल्टच्या आसपास असतील, तर पहिला ट्रान्झिस्टर बंद आहे. तेव्हा १०० किलोओहमच्या रेझिस्टरचे जोड तपासा; पहिल्याच्या बेसला प्रवाह तिथूनच मिळतो. कलेक्टरवर पूर्ण ९ व्होल्ट असतील तर दुसरा ट्रान्झिस्टर बंद आहे: पहिल्या कलेक्टरला बॅटरीशी जोडणाऱ्या ३३ किलोओहमचा जोड सुटला असेल किंवा पॉटची तार निघाली असेल. फझचा पॉट फिरवताना हे व्होल्टेज हलता कामा नये. हलत असेल तर पॉटच्या मधल्या पायाला जोडलेला २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गळतोय किंवा उलटा बसलाय. त्याचा धन पाय पॉटकडे हवा, तर इनपुटच्या २.२ मायक्रोफॅरडचा धन पाय बेसकडे.

ट्रान्झिस्टरच्या पायांची गल्लत सगळ्यात फसवी असते. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा तसाच खोचला तर तो उलटा बसतो. उलटा ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, पण त्याचा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) फार कमी होतो. आवाज येतो, दम नसतो.

मीटरला न दिसणारी एक चूक आहे: ४७० ओहम आणि ८.२ किलोओहमची अदलाबदल. दोघांची बेरीज तीच राहते, म्हणून व्होल्टेज बरोबर येतं. पण आउटपुट त्यांच्या सांध्यातून घेतात आणि तिथे कलेक्टरवरच्या सिग्नलचा अठरावा हिस्साच यायला हवा. अदलाबदल झाली की पेडल अंगावर येण्याइतकं मोठ्याने वाजतं.

व्होल्टेज ठीक आणि तरीही आवाज नसेल, तर सिग्नलच्या मागावर जायचं. अँपला जोडलेल्या केबलच्या मोकळ्या प्लगच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि प्लगचं बाहेरचं अंग सर्किटच्या ग्राउंडला जोडा. अँपचा आवाज अगदी कमी ठेवा. एकाने तार छेडत राहायचं, दुसऱ्याने कपॅसिटरचा मोकळा पाय एकेका जोडावर टेकवायचा. पहिल्या बेसवर सिग्नल क्षीण ऐकू येईल, पहिल्या कलेक्टरवर जोरात, दुसऱ्या कलेक्टरवर भरगच्च फझ. जिथे आवाज तुटतो, त्याच्या आधीचा जोड बिघडलेला. तो नीट निरखा: चांगला जोड पायावर उतरत गेलेला, तकतकीत दिसतो; कच्चा जोड मळकट असतो किंवा पायाभोवती बारीक तडा गेलेला असतो. लाकडी काडीने हलकेच दाबलं आणि खरखर झाली, तर तोच.

किंचाळी येत असेल किंवा रेडिओ ऐकू येत असेल, तर इनपुट-आउटपुटच्या तारा एकमेकींपासून लांब करा, पत्र्याची पेटी ग्राउंडला जोडा आणि पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेसमध्ये ४७ ते १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा.

जर्मेनियमच्या पीएनपी, म्हणजे उलट्या ध्रुवांच्या ट्रान्झिस्टरचं वेगळं. तिथे ग्राउंड धन बाजूला असतं; इतर पेडलांसोबत एकाच अडॅप्टरवर ते जोडलं, तर केबलच्या जाळीतून अडॅप्टर सरळ शॉर्ट होतो. त्याला स्वतंत्र बॅटरीच द्या. जर्मेनियमची गळती (ट्रान्झिस्टरमधून नको असताना झिरपणारा प्रवाह) दर १० अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होते: मीटर लावून ट्रान्झिस्टर नुसता चिमटीत धरला तरी आकडा सरकताना दिसतो. म्हणून सोल्डर केल्यावर थोडा वेळ थांबायचं आणि मगच ट्रिमरला हात लावायचा.