गोल्फमध्ये व्यावसायिक व्हायचंय? क्यू-स्कूलचा फॉर्म भरण्याआधी हे कागद जमवा

डिसेंबर उजाडला की आमच्या ई-सेवा केंद्रात सातबारा आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत एखादा गोल्फवाला मुलगाही येऊन उभा राहतो. तो गोव्यातल्या एखाद्या रिसॉर्टच्या मैदानावर नाहीतर खारघरला कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहत, राबलेला असतो. उजवा हात उन्हाने काळा पडलेला आणि डावा हातमोज्याखाली राहून उजळ, एवढ्यावरून मी त्याला ओळखतो. ‘काकानू, ह्यो फॉर्म तेवढो भरून देवा,’ म्हणतो. फॉर्म भरायला दहा मिनिटं पुरतात. पण त्याला जोडायचे कागद वर्षभर आधी सुरू करावे लागतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. चांगला हात असलेली मुलं या एका कारणाने परत गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहितोय.

वाट थोडक्यात अशी. भारतात पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धा प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय, २००६ पासून चालवते. तिथे शिरायचं तर बहुतेकांना वर्षाच्या सुरुवातीला होणारी पात्रता स्पर्धा, म्हणजे क्यू-स्कूल, खेळावी लागते. आधी पूर्वपात्रता, मग अंतिम टप्पा. मुलींसाठी वुमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाची वेगळी टूर आहे. हौशी गोल्फचा कारभार इंडियन गोल्फ युनियनकडे, म्हणजे आयजीयूकडे आहे. शिक्षणाची अट नाही. घराणं कोणी विचारत नाही. एस. एस. पी. चौरसिया हा कोलकात्याच्या मैदानावर गवत राखणाऱ्या कामगाराचा मुलगा, आणि त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. आमच्याकडची मुलं त्याचंच नाव घेत येतात.

आता अडतं कुठे ते बघू.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूला किती फटक्यांची सवलत द्यायची ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. त्याचा दाखला कोणाकडेच नसतो. हौशी म्हणून अर्ज करणाऱ्याकडे तो मागतात, आणि किती हँडिकॅपपर्यंत चालेल ते त्या वर्षाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. हँडिकॅप मान्यताप्राप्त क्लबमार्फतच मिळतो. कॅडीला क्लबचं सभासदत्व परवडत नाही, आणि क्लबच्या कचेरीत ‘सभासद नाही तर दाखला नाही’ एवढं एका वाक्यात सांगून पाठवतात. दहा वर्षं ज्या मैदानावर मुलगा बॅगा वाहतो, तिथेच त्याच्या खेळाचा एक कागद निघत नाही, याचा मला राग येतो. तरी एका नकारावर परत फिरू नका. सचिवांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि जे सभासद तुम्हाला आवर्जून बॅग देतात त्यांच्यापैकी एकाची शिफारस जोडा. इथे तोंडी विनंतीला किंमत नाही.

नियम तसे सोपे आहेत. ५४ होलांचे स्कोअर नोंदले गेले की पहिला हँडिकॅप मिळतो, म्हणजे १८ होलांच्या तीन फेऱ्या पुरतात. नऊ होलांच्या फेऱ्याही चालतात. पुढे शेवटच्या २० स्कोअरपैकी सर्वांत चांगल्या आठांची सरासरी धरतात. पण मैदानाचं अधिकृत रेटिंग, म्हणजे ते किती अवघड याचं मोजमाप, झालेलं हवं आणि सोबत किमान एक माणूस हवा. एकट्याने खेळलेली फेरी धरत नाहीत. आमची मुलं सड्यावर डबे पुरून, ओहोटीच्या वेळी पुळणीवर चेंडू मारून हात तयार करतात. हात तयार होतो, कागद होत नाही. आणि जूनपासून पावसाचे चार महिने आपल्याकडे खेळ जवळजवळ बंदच, तेव्हा या फेऱ्या मेच्या आत नोंदवून घ्या.

दुसरी अडचण याहून वाईट, कारण ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो. ती म्हणजे हौशी दर्जा, म्हणजे हौशी स्पर्धांत खेळायचा हक्क. १ जानेवारी २०२२ पासून याचे नियम बदलले, पण लोक अजून जुनंच ऐकीव सांगतात. कॅडीच्या मजुरीने दर्जा जात नाही. गवत कापण्याच्या, मैदान राखण्याच्या नोकरीनेही जात नाही. प्रायोजकाची मदतही आता चालते. पण पैसे घेऊन पर्यटकांना स्विंग, म्हणजे स्टिक फिरवायची पद्धत, शिकवलात तर दर्जा जातो. शाळेतल्यासारखे काही अपवाद आहेत, रिसॉर्टची ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे फटके मारायच्या सरावाची जागा, त्यात बसत नाही. मागे एक मुलगा आला होता. सीझनभर रेंजवर शिकवून मिळालेल्या पैशातून घरावर कौलं घातली होती, आणि हौशी स्पर्धांना कागद पाठवताना तेच उत्पन्न ‘गोल्फ प्रशिक्षक’ म्हणून स्वतःच्या हाताने लिहून बसला होता. खोटं लिहायला मी कोणालाच सांगणार नाही. पण ते काम घेण्याआधी त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

बक्षिसांचंही तसंच. हौशी खेळाडूला ७०० पौंड किंवा १,००० अमेरिकी डॉलरपर्यंतचं बक्षीस घेता येतं, वस्तू असली तरी तिची किंमत धरतात. कंपन्यांच्या स्पर्धेत लावलेली स्कूटर या मर्यादेबाहेर सहज जाते. शिवाय हँडिकॅप वजा करून निकाल लावलेल्या स्पर्धेत रोख रक्कम अजिबात घ्यायची नाही, पाचशे रुपये असले तरी. जिंकल्याने दर्जा जात नाही, बक्षीस स्वीकारल्याने जातो. तेव्हा नम्रपणे नको म्हणा. एकदा गेलेला दर्जा परत मिळवता येतो, पण अर्ज करून थांबावं लागतं आणि तेवढ्यात हौशी स्पर्धांचा हंगाम निघून जातो. आणि प्रवेश अर्जावर ‘हौशी’ की ‘व्यावसायिक’ हा चौकोन घाईने भरू नका. व्यावसायिक म्हणून एक स्पर्धा खेळलात की दर्जा संपला.

वयाचा आणि नावाचा कागद. जन्मनोंद झालेली असते, पण नावाच्या रकान्यात काहीच नसतं. असे दाखले आपल्या ग्रामपंचायतींत अजून निघतात. कोणाची नोंदच नसते. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर उशिराच्या नोंदणीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, ते आठवड्याचं काम नाही. आधारवर आडनाव आधी, शाळेच्या दाखल्यावर नाव आधी, बँकेत वडिलांचं नावच गळलेलं, हे सगळं एकाच स्पेलिंगवर आणा. पासपोर्टही आत्ताच काढा. आशियाई टूरच्या पात्रतेचा अंतिम टप्पा अलीकडे थायलंडमधल्या हुआ हिनला होत आलाय. पॅन कार्ड तर हवंच, नसेल तर बक्षिसातून २० टक्के दराने कर कापला जाऊ शकतो.

तारखा. माहितीपत्रक दोनदा वाचा. अर्ज कधीपर्यंत पाठवायचा ही एक तारीख आणि मैदानावर हजेरी कधी लावायची ही दुसरी. मुलं दुसरी लक्षात ठेवतात आणि पहिली चुकवतात. फी भरल्याशिवाय अर्ज पोचला असं धरत नाहीत. आपल्याकडे नेट जातं, म्हणून शेवटच्या संध्याकाळवर ठेवू नका.

स्टिकाही कागदांइतक्याच तपासून घ्या. रिसॉर्टच्या पाहुण्याने दिलेला जुना आयर्नचा, म्हणजे लोखंडी पात्याच्या स्टिकांचा, सेट मुलं जिवापाड जपतात. पण २०१० पासून वरच्या पातळीवरच्या व्यावसायिक स्पर्धांत खाचांचा नवा नियम लागू झाला. त्याआधीच्या बऱ्याच आयर्नच्या आणि वेजच्या (आखूड, उंच फटक्याच्या स्टिकच्या) पात्यावरच्या खाचा त्यात बसत नाहीत. हा नियम लावलेल्या स्पर्धेत तशा स्टिकने एक फटका मारला तरी बाद. ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या स्टिकचं, डोकंही मान्य यादीतलं असावं लागतं. मॉडेलचं नाव लिहून घ्या आणि यादीत शोधा. बॅगेत १४ पेक्षा जास्त स्टिका नकोत.

आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचा. कोकण रेल्वे उशिरा आली हे कारण स्टार्टर, म्हणजे खेळ सुरू करून देणारा अधिकारी, ऐकत नाही. ठरलेल्या वेळेनंतर पाच मिनिटांच्या आत पोचलात तर दोन फटक्यांचा दंड, त्याहून उशीर झाला तर बाद.

राहिलं स्कोअरकार्ड. ते तुमच्याऐवजी तुमचा मार्कर, म्हणजे तुमचे फटके नोंदायला नेमलेला माणूस, लिहितो, पण प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी तुमची. तुमची किंवा मार्करची सही राहिली तर बाद. प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहिला गेला तर बहुतेक वेळा बादच. जास्त लिहिला गेला तर तोच कायम राहतो. १९६८ च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबर्तो दे विचेंझोने १७ व्या होलवर तीन फटके घेतले होते, मार्करने चार लिहिले, त्याने न बघता सही केली आणि जेतेपदाचा प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायचा जादा खेळ, हुकला. म्हणून कार्ड देण्याआधी मार्करला शेजारी बसवा, एकेका होलवर बोट ठेवून आकडा मोठ्याने वाचा, आणि अठराही जुळल्यावरच सही करा.