रसायनांवर काम करणाऱ्यांसाठी: तक्रार कुठे करायची, ईएसआयचा दावा कसा लावायचा, कागद कोणते

पुण्याजवळच्या भोसरीत क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं. आधी खपल्या धरतात, मधूनच रक्त येतं, पुढे श्वास घेताना शिट्टी वाजते. दुखत मात्र फारसं नाही, म्हणून माणूस सर्दी समजून गल्लीतल्या दवाखान्यातून थेंब आणतो. काम काय करता हे डॉक्टर विचारत नाहीत, पेशंट सांगत नाही, आणि केसपेपरवर टाकीतल्या रसायनाचं नाव, ‘क्रोमिक ॲसिड’, येतच नाही. पुढे दावा अडायला एवढं पुरतं.

तेव्हा दवाखान्यात गेलात की कामाचा प्रकार, रसायनाचं नाव आणि किती वर्षं काम केलं हे केसपेपरवर लिहून घ्या. कायद्याच्या यादीतला आजार वाटला तर कारखाना निरीक्षकांना कळवणं डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. खासगी डॉक्टरांना याची आठवण करून द्यायला लाजू नका.

ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, पात्रता कोणाची? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला (दिव्यांग असल्यास २५,०००) आणि ईएसआय लागू असलेल्या आस्थापनेतला कोणीही, ठेकेदाराकडचा असला तरी. पगारस्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसते का ते पाहा आणि आयपी नंबर (तुमचा विमा क्रमांक) लिहून ठेवा. कामावरच्या इजेच्या लाभाला ठरावीक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे. आजाराचं तसं नाही. कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी कायद्यात दिली आहे, तिचे तीन भाग आहेत. ‘अ’ भागात शिसं, नायट्रस धूर, ऑर्गॅनोफॉस्फरस (बऱ्याच कीटकनाशकांत असतं ते) यांच्यामुळे होणारे आजार. इथे कालावधीची अट नाही. ‘ब’ भागात क्रोमियम, पारा, बेंझिन, मँगनीज. तिथे त्या कामावर सलग सहा महिने झालेले हवेत. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिससारखे धुळीमुळे होणारे फुप्फुसांचे आजार ‘क’ भागात, आणि त्यांचा काळ वेगळा ठरवलेला असतो. यादीतला आजार आणि कामाचा काळ जुळला की तो आजार कामामुळेच झाला असं धरलं जातं. तसं नाही हे समोरच्याने सिद्ध करायचं. म्हणून ‘कोणत्या टाकीवर, कधीपासून’ हे दाखवणारा कागद सगळ्यात मोलाचा.

हा कागद नोकरीत असतानाच मिळतो. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता आली आहे, पण कामगाराचे मूळ हक्क कायम आहेत: रसायनाची माहिती मिळणं, कामावर लावण्याआधी आणि नंतर बारा महिन्यांच्या आत मोफत तपासणी, आणि स्वतःची आरोग्यनोंद पाहायला मिळणं. वजन, बीपी, डोळे आणि सही असं उरकलेलं शिबिर म्हणजे ही तपासणी नव्हे. शिशावर काम असेल तर रक्तातलं शिसं मोजलं पाहिजे. फाउंड्रीच्या धुळीत असाल तर छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची क्षमता. रिपोर्टची प्रत लेखी मागा, आणि मागितल्याचा कागदही जपा.

दुसरी मागायची वस्तू म्हणजे एमएसडीएस, रसायनाचं सुरक्षा पत्रक. पिंपाच्या लेबलचा मोबाइलवर फोटो असला तरी सुरुवात होते. सोळा भागांच्या पत्रकातला आठवा भाग आधी वाचा: हवेत किती प्रमाण चालतं आणि संरक्षण कोणतं हवं, ते तिथे असतं. पेंट शॉपमध्ये वाटला जाणारा कापडी मास्क थिनरची वाफ अजिबात अडवत नाही. तिथे ऑर्गॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी डबी लावलेला मास्क, लागतो. पत्रकात एक आणि नाकावर दुसरंच, ही तफावत तक्रारीत लिहिण्यासारखी आहे.

तक्रार जाते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात. जुने कामगार त्याला नुसतं ‘फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस’ म्हणतात. कामगार आयुक्तांकडे जाऊ नका. तिथे पगार-बोनसचे वाद चालतात आणि तुमचा अर्ज फिरत राहील. ‘कंपनीत प्रदूषण फार आहे’ असं मोघम लिहू नका. असं लिहा: ‘प्लेटिंग विभागात टाकी क्र. २ वरील एक्झॉस्ट बंद आहे. दुसऱ्या पाळीत सहा जण काम करतात. हातमोजे दिलेले नाहीत. माझे नाव गुप्त ठेवावे.’ तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने उघड करायचं नाही, ही तरतूद १९८७ च्या दुरुस्तीतच आली. तरी सहा जणांच्या पाळीत नाव ओळखायला वेळ लागत नाही. युनियन असेल तर अर्ज तिच्या लेटरहेडवर द्या. प्रतीवर आवक शिक्का घ्या, किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाकून टोकन क्रमांक ठेवा.

आजार झालाच असेल तर ईएसआयच्या दवाखान्यात नोंद करा, आणि कंपनीला फॉर्म १२ मधला अहवाल द्यायला लेखी सांगा. पुढची तपासणी चिंचवडला मोहननगरच्या किंवा बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात होते. सोबत आधार, बँक पासबुक, नेमणूकपत्र किंवा गेटपास, पगारस्लिपा, जुने केसपेपर आणि एमएसडीएसची प्रत ठेवा. तात्पुरतं अपंगत्व असेल तर सरासरी रोजंदारीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. कायमची हानी किती ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. टक्का कमी वाटला तर तीन महिन्यांत अपील करता येतं.

ईएसआय लागू नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचा दावा करा, दोन वर्षांच्या आत. ईएसआय असताना मात्र हा दुसरा रस्ता बंद असतो. दोन्हीकडून पैसे काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

निरीक्षक येऊन गेले, पण पुढे काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकारात तपासणी अहवालाची प्रत मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस.