यादीकडून वाक्याकडे: पुण्यातल्या इंग्रजी 'व्होकॅब'ची पार्श्वभूमी

अप्पा बळवंत चौकात आज इंग्रजी व्होकॅबचं, म्हणजे शब्दसंग्रहाचं, पुस्तक मागितलं, तर बहुतेक पुस्तकांत प्रत्येक शब्दाखाली एक-दोन वाक्यं छापलेली दिसतात. ही रीत फार जुनी नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडे असायची ती अकारविल्हे यादी. डावीकडे शब्द, उजवीकडे दोन शब्दांत अर्थ. 'अबेस', 'अबॅश', 'अबेट' अशी सुरुवात व्हायची आणि पुष्कळांची दमछाक 'सी' संपायच्या आतच. त्यामुळे 'ए'चे अवघड शब्द येणारी आणि 'आर'चे सोपेही न येणारी एक पिढीच या शहरात तयार झाली.

याला मुलांचा आळस कारण नव्हता. परीक्षाच तशी होती. अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणाऱ्या जीआरईच्या भाषेच्या विभागात २०११च्या जुलैपर्यंत जवळपास निम्मे प्रश्न विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे (एका जोडीतल्या नात्यासारखंच नातं असलेली दुसरी जोडी ओळखायची) असत. विरुद्धार्थीच्या प्रश्नात शब्द एकटाच यायचा. मागेपुढे वाक्य नाही, संदर्भ नाही. पाठ असेल तर गुण, नसेल तर अंदाज. अशा परीक्षेसाठी वाक्यं वाचत बसणं म्हणजे वेळ घालवणं, असा हिशेब क्लासवाल्यांनी केला आणि त्यात त्यांचं फारसं चुकलं नाही. अमेरिकेतल्या पदवीप्रवेशाच्या सॅट परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्ये आणि शब्दजोड्या २००५ मध्ये गेल्या होत्या. पुण्यात त्याची दखल घेण्याचं कारण नव्हतं, कारण इथली गर्दी पदव्युत्तर शिक्षणासाठीच जाणारी होती.

ऑगस्ट २०११ मध्ये जीआरईतूनही हे दोन्ही प्रकार काढले गेले. त्या जागी वाक्यातल्या, उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा आल्या. एका प्रकारात तीनपर्यंत जागा, आणि सगळ्या बरोबर भरल्या तरच गुण. दुसऱ्यात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच निघेल. यातली खोच अशी, की पर्यायांत कधी कधी समानार्थी शब्दांची एक जोडी मुद्दाम ठेवलेली असते, पण ती त्या वाक्यात बसत नाही. यादी पाठ केलेला विद्यार्थी नेमका तिथे अडकतो.

वाक्यातून इंग्रजी शिकणं महाराष्ट्राला नवं होतं असं मात्र नाही. १८४७चा इंग्रजी-मराठी कोश आणि त्यानंतरच्या काळातली तीन भागांची भाषांतर पाठमाला यांवर आपल्या आजोबा-पणजोबांचं इंग्रजी पोसलं. पाठमालेत शब्द दिले की लगेच भाषांतराला वाक्यं येत, मराठीतून इंग्रजीत आणि उलटही. त्या वाक्यांची चेष्टा पुढे खूप झाली, पण शब्द वाक्यातच वापरायचा हा दंडक त्यात होता. याद्यांनी तो मोडला. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरातून ठरवायचा हे तर येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेल्या संस्कृत महाकोशाचंही सूत्र आहे. त्यासाठी सुमारे पंधराशे ग्रंथांतून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या काढल्या गेल्या. क्लासच्या पाट्यांनी भरलेल्या टिळक रोडपासून ते कॉलेज काही मैलांवरच आहे.

खरा वाद पुढचा आहे, आणि तो पुण्यात कमी बोलला जातो: वाक्य कुठलं द्यायचं? कुणीतरी लिहून-बोलून गेलेलं, की शिक्षकानं शब्द समजावा म्हणून रचलेलं?

परभाषिकांसाठीचा पहिला मोठा इंग्रजी-इंग्रजी कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ पासून इंग्लंडातून जगभर गेला. त्यातली वाक्यं प्रामुख्यानं रचलेली होती, आणि कित्येक दशकं त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. १९८७ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका गटानं संगणकात साठवलेल्या खऱ्या मजकुरावरून कोश तयार केला आणि नियम घातला की उदाहरणं त्या साठ्यातूनच घ्यायची. शिक्षकांमधून टीका झाली. खरी वाक्यं अर्धवट वाटतात, त्यात आगापिछा नसलेली नावं येतात, शिकायच्या शब्दापेक्षा आजूबाजूचे शब्दच अवघड असतात. उदाहरण ही शिकवण्यासाठी घडवलेली वस्तू आहे, ती सापडत नाही, बनवावी लागते, असं टीकाकारांचं म्हणणं.

टीकेत तथ्य होतं. तरी पारडं बर्मिंगहॅमच्या बाजूला झुकतं, निदान प्रगत शब्दांपुरतं. 'सेट इन' (सुरू होऊन ठाण मांडणे) हा साधा वाक्प्रयोग घ्या. खऱ्या वाक्यांचा ढीग समोर आल्यावर दिसलं की त्याचा कर्ता बहुतेक वेळा काहीतरी नकोसंच असतं: कूज, निराशा, संसर्ग. कुठल्याही शब्दकोशात हे लिहिलेलं नव्हतं, आणि डोक्यातून वाक्य रचणाऱ्याला ते सुचण्याची शक्यता कमीच.

मराठी माध्यमातून आलेल्यांना हा फरक जास्त बोचतो. 'मिटिगेट'पुढे यादीत 'शमवणे' लिहिलेलं असतं. मराठीत तहान शमते, राग शमतो, वेदना शमते. मग विद्यार्थी बिनधास्त लिहितो, 'आय मिटिगेटेड माय थर्स्ट.' व्याकरणात चूक नाही, पण इंग्रजीत असं कुणी म्हणत नाही. तो शब्द धोका, नुकसान, परिणाम यांच्या संगतीत राहतो. दोन खरी वाक्यं वाचली असती तर ही संगत आपोआप कळली असती. रचलेल्या वाक्यात रचणाऱ्याच्या मातृभाषेची संगत उतरते, आणि आपल्याकडची वाक्यं रचणारेही मराठीच.

पुढे बहुतेक कोशांनी मधला मार्ग धरला: खरं वाक्य घ्यायचं, थोडं छाटायचं. २००८ मध्ये साठ्यातून चांगली उदाहरणं वेचणारी संगणकी पद्धत आली. फार लांब वाक्य नको, दुर्मीळ शब्द नकोत, आधीच्या वाक्यावर लोंबकळणारी सर्वनामं नकोत, अशा कसोट्यांवर ती वाक्यांना गुण देते.

पुण्यात मात्र २०११ नंतर सोपा मार्ग धरला गेला. यादी तीच राहिली, शेजारी वाक्याचा रकाना वाढला. 'ही इज अ लॅकॉनिक मॅन' हे वाक्य आहे खरं, पण 'लॅकॉनिक'च्या (मितभाषी) जागी 'बुटका' घातला तरी ते चालतं. अर्थाचा धागा नसलेलं वाक्य हे लांबवलेलं यादीतलंच कलम. त्याच सुमारास वर्गात बसणारी मुलंही बदलली. राज्यानं २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं, त्यावर इथे पुष्कळ रण माजलं. ती पहिली तुकडी २०१२ मध्ये बारावी झाली. रोजचं इंग्रजी त्यांच्या कानावरून गेलेलं होतं. अडायचं ते छापील, जड शब्दांपाशी.

गेल्या काही वर्षांत मोबाईलमधले चॅटबॉट मागाल तितकी वाक्यं देतात, हवं तर शनिवारवाडा आणि पीएमटी घालूनही. ती ओघवती असतात, पण रचलेलीच. सप्टेंबर २०२३ मध्ये जीआरई छोटी झाली. भाषेचे २७ प्रश्न ४१ मिनिटांत सोडवायचे, त्यात गाळलेल्या जागा आणि सारखा अर्थ देणाऱ्या दोन पर्यायांची निवड कायम आहे. दुसरीकडे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत कर्मचारी निवडीच्या परीक्षांची तयारी चालते, आणि तिथल्या पेपरात समानार्थी, विरुद्धार्थी शब्द अजूनही एकटे विचारले जातात. त्यामुळे अकारविल्हे यादीचा खप थांबलेला नाही, फक्त गिऱ्हाईक बदललं आहे.